वजनदार एमएससी

पेंडशांनी जेवणाच्या टेबलावर सात प्रॉस्पेक्टस मांडली आणि मला विचारलं, "वहिनी, यातली सगळ्यात वजनदार एमएससी कुठली?"

मी एक प्रॉस्पेक्टस हातात घेऊन म्हटलं, "ही. कागद जाड आहे."

ते हसले नाहीत. पेंडसे इथे विलायतेत भूल देणारे डॉक्टर आणि माझ्या नवऱ्याचे जुने मित्र. स्टॅनमोरच्या त्यांच्या घराबाहेर पाटी नव्हती, नाहीतर सगळ्या डिग्र्या तिच्यावर आल्या असत्या. मी लेस्टरला वृद्धांच्या वॉर्डची कन्सल्टंट डॉक्टर होते आणि मेडिकल स्कूलच्या मुलाखती घेणाऱ्या पॅनलवर बसत असे. म्हणून मला रविवारी जेवायला बोलावलं होतं.

प्रश्न त्यांच्या मुलीचा, सईचा होता. तिने बायोमेडिकल सायन्सची डिग्री टू-वनने, म्हणजे चांगल्या दुसऱ्या वर्गात घेतली होती. पदवीधरांसाठी चार वर्षांचा मेडिकलचा कोर्स असतो, त्याला अर्ज केला, मुलाखत झाली आणि नकार आला. आता एमएससी करून अर्ज 'स्ट्रॉंग' करायचा, असं बापाने ठरवलं होतं. पुन्हा नाही जमलं तर अकाउंटन्सी.

"नकाराचं पत्र आहे?" मी विचारलं.

ते फाईलमध्ये व्यवस्थित लावलेलं होतं. पेंडशांनी पहिली ओळ वाचून मिटलं होतं. खाली स्वच्छ लिहिलं होतं: अभ्यास उत्तम, पण आजारी माणसांची काळजी घेण्याचा अनुभव जवळपास नाही.

"डिग्री हवी तेवढी आहे तिच्याकडे," मी म्हटलं. "निदान आमच्याकडे तरी एमएससीने काही फरक पडत नाही. हेल्थकेअर असिस्टंटची नोकरी करू दे वर्षभर. पेशंटला उठवणं, भरवणं, आंघोळ घालणं."

"म्हणजे बेडपॅन उचलायचे?"

"तेही."

"माझी मुलगी? अहो, लोक काय म्हणतील!"

सई मान खाली घालून वरण ढवळत होती. "काकू, मला ते आवडेल," ती म्हणाली. बापाने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला राग आला. आयुष्यभर लोकांना झोपवून या माणसाला वाटायला लागलं होतं, की पेशंट म्हणजे न बोलणारी वस्तू.

निघताना ते दारात हळूच म्हणाले, "तुम्ही शब्द टाकाल ना?"

"ओळखीचं कोणी असलं की मी पॅनलवरून उठते," मी म्हटलं. "तसा नियम आहे."

"नियम काय, असतातच."

शेवटी एमएससी ठरली. नावात 'मॉलिक्युलर' होतं, ते पेंडशांना फार भारदस्त वाटलं. सईने वर्षभर काचेच्या बशीत उंदरांच्या पेशी वाढवल्या आणि मधेच दुसरी मुलाखत दिली. एखाद्या पेशंटबद्दल सांगा, असं तिला विचारलं. ती उंदरांबद्दल बोलली. पुन्हा नकार.

त्या संध्याकाळी तिचा फोन आला. रडत होती. "बाबा अकाउंटन्सीचे फॉर्म घेऊन आलेत. काकू, मला एकच वर्ष अजून पाहिजे. म्हाताऱ्यांच्या केअर होममध्ये जॉब मिळतोय, एजवेअरला. मी घेऊ?"

"घे," मी म्हटलं. "बापाला विचारू नकोस, सांग."

तिने सांगितलं. पेंडसे महिनाभर तिच्याशी बोलले नाहीत. कुणी विचारलं तर मुलगी 'रिसर्च' करते म्हणायचे.

तिसरी मुलाखत तिने दुसऱ्याच एका शहरात दिली. पुन्हा तोच प्रश्न. या वेळी तिने एका म्हाताऱ्या गृहस्थाबद्दल सांगितलं. तो दाढी करू द्यायचा नाही, अंगावर यायचा. सगळ्यांनी नाद सोडला होता. सईने त्याच्या मुलीला विचारलं, तेव्हा कळलं की तो जन्मभर न्हावी होता आणि इलेक्ट्रिक रेझरचा त्याला तिटकारा होता. सईने साबण आणि ब्रश आणला. म्हाताऱ्याने आधी तिने केलेला फेस नापास केला, स्वतः करून दाखवला, मग मान वर केली.

तिला प्रवेश मिळाला. फोनवर ऐकताना माझेही डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू?

त्या वर्षी गणपतीला एका शाळेच्या हॉलमध्ये आम्ही सगळे जमलो. नागपूरच्या एका आयटीवाल्या गृहस्थांच्या मुलालाही मेडिकलला जायचं होतं; पेंडसे त्यांना समजावत होते, "कोर्स निवडताना आम्ही फार विचार केला. मॉलिक्युलर एमएससीने अर्जाला वजन आलं."

सई शेजारीच प्रसादाच्या वाट्या भरत होती. "बाबा, एमएससीचं कोणी विचारलंच नाही."

"विचारतील कशाला? फॉर्मवर लिहिलं होतं ना!"

मुलाखतीला आम्ही पोरांना बसवतो, बापांना नाही. पद्धतीतला दोष एवढाच, असं माझं बऱ्याच वर्षांच्या अनुभवानंतरचं मत आहे.

मी त्या नागपूरच्या गृहस्थांना केअर होमचं सांगायला पुढे झाले. "हो, हो," ते मान डोलवत म्हणाले आणि खिशातून पेन काढून पेंडशांकडे वळले. "मॉलिक्युलर काय म्हणालात?"