गुणाजी, मामा आणि आडवे ससे

"दिसलं ते बोलून टाकावं, नाही तर डोळ्यांत सलतं," असं कोपरचा गुणाजी येताजाता म्हणायचा. बोरघाटात आगगाडी नुकती चढली होती, तेव्हाची गोष्ट. भात झोडून झालं की हा माणूस पाखरं बघत पार टिटवाळ्याच्या रानापर्यंत भटकायचा. मान आभाळाकडे, पण नजर अशी की झुडपात कान हलला तरी टिपायची. पाखरांच्या नादात त्यानं जितके ससे, कोल्हे, मुंगसं पाहिली, तितकी शिकाऱ्यानंही पाहिली नसतील.

त्याच नजरेनं घोळ केला. मुलीला, शेवंतीला, टिटवाळ्याचं स्थळ आलं. सुपारी फोडायला मुलीचा मामा हवाच, आणि मामा, उत्तम त्याचं नाव, असा की ससा आडवा गेला तर अपशकुन म्हणून घरी परत. त्याची स्वतःची नजर अधू. चार पावलांवरची म्हैस त्याला ढेकूळ वाटे. गुणाजी गप्प राहता तर काहीच बिघडलं नसतं. पण दोनदा निघाले, दोनदा हा म्हणाला, "उत्तमराव, ससा बघा, काय गुबगुबीत," आणि दोनदा दोघे माघारी फिरले. तिकडून निरोप आला, या सोमवारी आलात तर ठीक, नाही तर आम्ही दुसरी मुलगी बघतो.

निघताना बायको गंगुबाई म्हणाली, "आज तोंडातून ससा निघाला तर पाखरांतच राहा. घरी येऊ नका."

"आणि समोरच आला तर?"

"वर बघा. नाही तरी दुसरं काय करता?"

उल्हास नदी ओलांडली, रान लागलं आणि पायवाटेच्या कडेलाच ससा बसलेला. गुणाजीचे ओठ हलले. मग शेवंती आठवली. त्यानं सावरीच्या शेंड्याकडे बोट केलं. "उत्तमराव, तो हरियाल बघा, पिवळ्या पायांचा."

मामानं मान वर केली. ससा खालून निवांत आडवा गेला.

पुढच्या सशाच्या वेळी मामाला तांबट दाखवला, त्यापुढच्याच्या वेळी धनेश. मग एकदा झाडावर काहीच नव्हतं.

"भावजी, मला तर पानसुद्धा दिसत नाही."

"उडालं ते. तुम्ही डोळे फार सावकाश उघडता."

एवढ्यात पळसामागून जे निघालं ते बघून गुणाजी थिजला. खवल्या मांजर. जन्मभर ऐकलेलं, कधीच न पाहिलेलं. अंगभर कौलं शाकारल्यासारखे खवले, आणि दिवसाढवळ्या वारूळ उकरणं चाललेलं. हे शुभ की अशुभ ते उत्तमलाही ठाऊक नसणार, म्हणजे तो परत फिरणारच.

"वर बघा," गुणाजी कसाबसा म्हणाला. मामा रिकाम्या उंबराकडे बघत राहिला आणि गुणाजी खाली, ते जनावर जाळीत शिरेपर्यंत.

"रडताय का, भावजी?"

"पोर सासरी जाणार."

"अहो, अजून सुपारी फुटायचीय."

ती फुटली. व्याही मारुती गूळ वाटू लागला. गुणाजीनं खडा तोंडात टाकला, काठी उचलली आणि ओसरी उतरला.

"पान वाढलंय. व्याही कुठं निघाले?" मारुतीनं विचारलं.

आखडलेल्या मानेमुळे ओसरीच्या वाशांकडे बघतच उत्तम म्हणाला, "एखादं पाखरू बघायचं राहिलं असेल."

मारुती ओसरीवरून बघत राहिला. हा पाखरं बघणारा माणूस जमिनीवरची नजर न काढता, जवळजवळ पळतच रानाकडे चालला होता.