भेटायला आलेली माणसं

हे गेले तेव्हा मी ब्लॉगवर त्यांच्याविषयी लिहिलं. श्रीरामपूरच्या शाळेतून निवृत्त झाल्यापासून लिहितेय. शेजारपाजार, स्वयंपाक, एसटीतली भांडणं, काहीही. त्या दिवसांत तोंडातून शब्द फुटत नव्हता, म्हणून लिहिलं.

परवा तोच लेख उघडला तर मधोमध जाहिरात. 'घरबसल्या रमी खेळा, लाखो जिंका!' वर ह्यांच्या शेवटच्या आजारपणाचं वाक्य आणि खाली डोळे मिचकावणारी राणी. या माणसानं जन्मात पत्त्यांना हात लावला नव्हता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ब्लॉगवाल्यांनी जागा फुकट दिली म्हणून काय मयताच्या घरात जुगाराचा अड्डा मांडायचा?

पुण्याच्या भाच्याला फोन लावला. "मावशी, हलवूनच टाकू सगळं," तो म्हणाला. रविवारी आला, लॅपटॉप घेऊन बसला, आणि मी चहा करेपर्यंत नवी जागा तयार.

"बघून घे. तू हो म्हणालीस की जुनं बंद करतो."

लेख होता, ह्यांचा फोटो होता. खालच्या प्रतिक्रिया मात्र गायब. त्यांच्या जागी एक आयती ओळ होती: 'भेटीबद्दल धन्यवाद. पुन्हा या!'

मी कडाडलेच. "दुखवट्याच्या घरात कुणाला 'पुन्हा या' म्हणतात का रे? येणारासुद्धा निघताना 'येतो' म्हणत नाही, मुकाट उठून जातो. एवढंही तुला कुणी शिकवलं नाही?"

तो गोरामोरा झाला. "ती आपोआप येते गं. काढतो. पण प्रतिक्रिया नाही आणता येत. त्यात काय एवढं? तुझं लेखन महत्त्वाचं."

माझं लेखन! ज्यांना मातीला येता आलं नाही, ती माणसं तिथं भेटायला आली होती. काष्टीच्या माझ्या थोरल्या जाऊबाई तर पाय प्लास्टरमध्ये घालून पडलेल्या. त्या एका बोटानं लिहितात, आणि लेख कुठलाही असो, शेवटी 'बरं, येते' असतंच. जणू ओट्यावर बसून गेल्यात. मी जुनं पान उघडून भाच्याला मोठ्यानं वाचायला लावलं.

"भावजी गेलं अन् मी हितं खाटंवर. माती द्यायलाबी येता आलं न्हाई. तू येकटी जेवू नको. शेजारनीला हाक मारीत जा."

वाचून तो थांबला. पुढं काही नव्हतं.

"इथं 'येते' नाही लिहिलेलं," तो हळूच म्हणाला.

"नाहीच लिहिणार."

"मी हे कॉपी करून तिकडे चिकटवू?"

"रडल्या त्या, आणि लिहिणार तू? बाकीचं सगळं ने. हा लेख जिथं आहे तिथंच राहील."

"आणि ती रमी?"

"तिला मी रोज शिव्या घालीन. पण भेटायला आलेल्या माणसांना तसंच बसवून मी घर बदलणार नाही."