तोंडी लावायला फॅसिझम

आत्या ज्ञानकोशाच्या कचेरीत नोंदी लिहायची. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, "दोन भाऊ सांभाळतेय, ते पुरे नाही का?"

'फुप्फुस' तिनं एका दुपारी हातावेगळं केलं. 'फॅसिझम' मात्र मानगुटीवर बसलं. चूक तिचीच. जेवताना सहज विचारून बसली, "फॅसिझमचं आणि बाजाराचं नातं काय रे?"

थोरला भाऊ म्हणजे माझे बाबा; त्यांचं रंगाचं दुकान. "नातं कसलं? वैर! काय बनवायचं, कितीला विकायचं, सगळं सरकार सांगणार. दुकानावर पाटी तेवढी आपली."

काका कापड गिरणीत कामगारांचा पुढारी. "वैर? संघटना मोडल्या, संप बंद, पुढारी तुरुंगात. बड्या कारखानदारांची चांदीच झाली!"

"बड्यांची. माझ्यासारख्यांची नाही."

"टाळ्या मात्र तुझ्यासारख्यांनीच आधी वाजवल्या!"

आठवडाभर ताटं निवत राहिली. शेवटी आत्यानं वाटी आपटली. "उद्यापासून जेवताना हा शब्द नाही. जो काढेल त्याचं ताट उचलीन."

दोघं भाऊ जन्मात पहिल्यांदा एका सुरात ओरडले, "ही फॅसिस्ट आहे!"

आत्या खूप हसली. मग म्हणाली, "ताट उचलणारी बहीण फॅसिस्ट, तर माणसं उचलून नेणाऱ्यांना काय म्हणाल?"

दुसऱ्या दिवशी नोंद झाली. राष्ट्र सगळ्यांच्या वर, त्याच्या नावानं बोलणारा एकच नेता, विरोध म्हणजे द्रोह. मालमत्ता बहुधा मालकाकडेच, पण लगाम सत्तेच्या हाती आणि कामगारांचं तोंड बंद. हे भांडवलशाहीचंच रूप की बाजाराचा शत्रू, यावर अभ्यासकांचं एकमत नाही.

संपादकांनी शेवटचं वाक्य जागेअभावी कापलं. एरवी त्यांच्यासमोर आवाज न चढवणारी आत्या त्यांच्या टेबलापाशी ठाण मांडून बसली. "वाद गाळलात तर ही व्याख्या नाही, फर्मान होईल." संपादकांनी हात टेकले.

छापील पान घरी आलं. बाबांनी 'लगाम'वर बोट ठेवलं, काकांनी 'तोंड बंद'वर, आणि दोघांनाही आपण जिंकल्याची खात्री पटली.

आत्या तोवर 'फेस' लिहायला लागली होती. त्यावर घरात कुणालाच काही म्हणायचं नव्हतं. तिला जेवताना चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.