बरं करणारं औषध थांबवताना

पिकल्या पेरूंचा गंध किती अगत्याचा! पुणतांब्याला दादाच्या बागेत हिवाळ्यात पाऊल टाकावं, तर आधी तो गंध सामोरा येतो आणि मग झाडं दिसतात. दोन वर्षांपूर्वी मी श्रीरामपूरहून गेले, तेव्हा माझा हा थोरला भाऊ सुपारीएवढे कोवळे पेरू तोडून क्रेटमध्ये भरत होता. मला पाहून हसला आणि त्यानं मला आमच्या दिवंगत आईच्या नावानं हाक मारली. वहिनी घाईनं म्हणाली, "थकल्यात ओ, दुसरं काय न्हाई." थकव्यावर विश्वास ठेवणं किती सोपं असतं!

पंधरवड्यात तो घरची वाट चुकू लागला. एमआरआयमध्ये मेंदूच्या खोल भागात एक डाग दिसला. सूज उतरावी म्हणून जवळच्या डॉक्टरांनी स्टिरॉइड सुरू केलं, आणि काय सांगू, आठ दिवसांत दादा पूर्ववत बोलू लागला! वहिनीनं गल्लीत पेढे वाटले.

नगरच्या मेंदूविकारतज्ज्ञ बाईंनी पुन्हा एमआरआय करवला. डाग जवळजवळ विरघळला होता. आम्ही हर्षभरित, त्या मात्र गंभीर. "इतक्या झटकन विरघळणारी गाठ लिम्फोमाची असू शकते," त्या म्हणाल्या. "पांढऱ्या पेशींचा हा दुर्मीळ कर्करोग. स्टिरॉइडनं तो दडतो, जात नाही. तुकडा तपासल्याशिवाय उपचार ठरत नाहीत, आणि हे औषध चालू असताना तुकड्यात बहुधा काही सापडत नाही. ते हळूहळू बंद करू, डाग परत दिसेपर्यंत थांबू."

"म्हंजी चांगला झाल्याला मानूस परत बिघडू द्यायचा?" वहिनी कळवळून म्हणाली. ज्ञानाच्या प्राप्तीसाठी हातचं सुख मोडावं, असं आपल्या माणसाच्या बाबतीत कोण म्हणू शकेल?

तेवढ्यात दादा म्हणाला, "मला इचारा की. मी हाय ना अजून." मग वहिनीचा हात धरून सावकाश म्हणाला, "आज समजतंय तवर सांगतो. बंद करा. नाव कळू द्या त्याचं."

पुढचे आठवडे आम्ही त्याला डोळ्यांदेखत दूर जाताना पाहिलं. शब्द हरवले, मग पावलं, शेवटी वहिनीचं नावही. डाग परतला. कवटीला बारीक छिद्र पाडून सुईनं तुकडा काढला, आणि निदान झालं: लिम्फोमाच. हा डोळ्यांतही लपतो म्हणून डोळे तपासले. मग दर दोन आठवड्यांनी मेथोट्रेक्सेट या कर्करोगावरच्या औषधाचा मोठा डोस, आधी-नंतर सलाईनच्या बाटल्या, आणि त्याचं विष उतरवणारं दुसरं औषध ठरल्या वेळेला. तिसऱ्या डोसनंतर दादानं वहिनीला विचारलं, "जेवलीस का?" ती पदर तोंडाला लावून बाहेर गेली.

आता डाग नाही. दर तीन महिन्यांनी तपासणी असते, आणि त्या आठवड्यात घरात कुणी मोठ्यानं हसत नाही.

परवा वहिनीनं औषध बंद करायचं ठरलं त्या दिवसाची गोष्ट काढली. दादाला त्यातलं काहीच आठवत नाही. तो चकित होऊन म्हणाला, "मी म्हनलो असं? एवढं धाडस माझ्यात कुठलं!"

"तुमीच म्हनला," वहिनी म्हणाली. "मी हुते ना तिथं."

माणसाचं शौर्य त्याच्या स्वतःच्या स्मृतीत नसलं, तरी ते कुणीतरी जपून ठेवलेलं असतं.