आप्पांच्या मिशीचा किस्सा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. आणि गंमत बघा, माझा धंदाच सांगण्याचा! लग्न, बारसं, साखरपुडा, सरपंचाचा वाढदिवस, काहीही असो. माईक हातात घ्यायचा आणि लोकांना पोट धरून हसवायचं. पंचवीस वर्षं शिरूरमध्ये हेच करतोय. कपड्याचं दुकान आहे, पण ते बायको बघते. मी बोलतो. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, असं सगळा तालुका म्हणतो. आणि त्याच माझ्या पोटात एक गोष्ट नऊ वर्षं पडून आहे. कशी राहिली? का राहिली? तेच सांगायला बसलोय. बसलोय म्हणजे — एवढं लिहीपर्यंत दोनदा उठून गॅलरीत जाऊन आलो.

आधी सिनेमा सांगतो. सिनेमाचं सांगणं सोपं आहे.

मी एका सिनेमात आहे. नाव सांगणार नाही. सांगितलं तर तुम्ही लगेच मोबाइलवर शोधाल आणि पहिल्या दहा मिनिटांत माझ्याविषयीचं तुमचं मत बदलेल. गोष्ट अशी — एक अख्खं वऱ्हाड रेल्वेनं निघालंय. नवरदेव संडासात लपून बसलाय. नवरीच्या जागी तिचा मामा शालू नेसून बसलाय. पोत्यात बोकड आहे. आणि कुणीतरी बुंदीच्या लाडवात जुलाबाचं औषध मिसळलंय. डब्याला संडास दोन, वऱ्हाडी साठ. झाला सिनेमा! नाक मुरडू नका. आमच्या शिरूरच्या थेटरात बायका तोंडात पदर कोंबून हसल्या आहेत. मी अजूनही हसतो. म्हणजे काही ठिकाणी हसतो.

शिरूर तालुक्यात रेल्वे नाही. गाडी बघायची तर भीमा ओलांडून दौंडला जायचं. शूटिंगही दौंडलाच होतं, पण खरी गाडी कोण देणार? म्हणून स्टेशनापासून जरा लांब, एका रिकाम्या गोदामात प्लायवूडचा डबा उभा केला होता. खाली ट्रकचे जुने टायर. दोन्ही अंगांनी चार-चार गडी बांबू लावून डबा हलवायचे. ते दमले की डायरेक्टर ओरडायचे, "हला!" — आणि आम्ही साठ माणसं आपापली अंगं डुलवायचो. त्यात बाहेरून खरी मालगाडी निघाली, की तिचा आवाज येतो म्हणून आमची खोटी गाडी थांबवायची. आणि दौंडात मालगाड्यांना काय तोटा? शालू नेसलेला मामा लाजायला लागला रे लागला, की आली गाडी. थांब. पुन्हा लाज. पुन्हा गाडी.

डब्यातली माणसं मी जमवली होती. शिरूर, मांडवगण, वडगाव रासाई इथली. पुण्याहून आलेल्या मंडळींचं बोलणं अर्धं इंग्रजी, अर्धं हिंदी. आमची माणसं बुजायची. म्हणून डायरेक्टरचा प्रत्येक शब्द त्यांच्यापर्यंत जायचा तो माझ्या तोंडून. कुणी कुठं बसायचं, कधी हसायचं, कधी पोट धरून पळायचं — मी सांगायचो. आणि एक गोष्ट तर मी दिवसातून वीस वेळा ओरडून सांगायचो. एकदा ज्या रूपात कॅमेऱ्यापुढे आलात, शेवटच्या दिवसापर्यंत तेच रूप पाहिजे. शर्ट तोच. टोपी तीच. टिकली तीच. नाहीतर आधीचं सगळं शूटिंग वाया.

हे मला चांगलं माहीत होतं. एवढंच म्हणायचंय.

आता आप्पा. आप्पा वडगाव रासाईचे, तेव्हा साठीच्या आसपास. शेवंती आणि झेंडू करायचे. जत्रेतल्या नाटकात हौसेनं उभे राहायचे आणि एकही वाक्य पाठ नसताना टाळ्या घेऊन जायचे. आणि मिशी! पांढरी, दाट, दोन्ही टोकं गालावर उतरलेली. सिनेमात त्यांना काम काय, तर खिडकीजवळ झोपायचं. डब्यात आग लागो, बोकड सुटो, हा म्हातारा झोपलेला. पहिल्याच दिवशी आप्पांनी आपल्या मनानं घोरायला सुरुवात केली. श्वास आत, मिशी आत. श्वास बाहेर, मिशी वर. कुणीतरी खाल्लेल्या शेंगेचं फोलपट त्या मिशीवर पडलं, ते प्रत्येक घोरण्याला उडायचं आणि परत तिथंच येऊन बसायचं! कॅमेरावाला इतका हसला की कॅमेरा हलला. डायरेक्टरनं तिथल्या तिथं ठरवलं — सिनेमाचा शेवट आप्पांवर. सगळा गोंधळ मिटल्यावर आप्पा जागे होणार, आळस देणार आणि विचारणार, "दौंड आलं का?" बस. थेटर फुटणार.

आणि मी? मी वरच्या बर्थवरचा प्रवासी. तीन दिवसांत कॅमेऱ्यात माझं काय आलं असेल? पाय. इतकी वर्षं माईक गाजवणारा माणूस, आणि पडद्यावर तळपाय!

तुम्ही म्हणाल, कळलं, जळफळाट झाला. हो, झाला. पण जळफळाट कुणाला होत नाही? तेवढ्यासाठी माणूस नऊ वर्षं तोंड शिवून बसतो का? थांबा, चहा ठेवून येतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही जेवत होतो. मी आप्पांना म्हणालो, "आप्पा, उद्या शेवटचा सीन. साहेब म्हणतायत, मिशी काढून या."

चेष्टा होती. मला वाटतं चेष्टा होती. आप्पा हसतील, मी हसेन, संपेल.

आप्पा हसले नाहीत. हातातला घास तसाच राहिला. म्हणाले, "टोपीबी बदलू नगं म्हंतोस, आन् मिशी काढ?"

मी म्हणालो, "सीन स्वप्नातला आहे. स्वप्नात मिशी नसते." काय सुचतं बघा माणसाला! इतकं झटकन मला स्टेजवरही कधी सुचलं नाही.

"आरं, पण तात्या हायती ना अजून."

तात्या म्हणजे आप्पांचे वडील. नव्वदीचे, अंथरुणाला खिळलेले, पण जिवंत. आमच्याकडं बाप असेपर्यंत मिशी काढत नाहीत. बाप गेल्यावर काढतात. शहरातली पोरं रोज सकाळी सफाचट करतात, त्यांचं सोडा. वडगावात अजून हे आहे. मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. मीही त्याच मातीतला.

आप्पांनी थोडा वेळ मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "तू येकदा परत इचारून ये. म्हनावं, म्हाताऱ्याचा बाप जिता हाय. तरीबी काढ म्हनले, तर काढतो."

मी उठलो. डायरेक्टर गोदामाच्या दारात, पन्नास पावलांवर जेवत होते. मी त्यांच्याकडं गेलोच नाही. गोदामाला वळसा घालून मागच्या भिंतीआड उभा राहिलो. मालगाडी चालली होती. तिचे डबे मोजत राहिलो. चाळीसनंतर चुकलो. मग परत आलो आणि म्हणालो, "विचारलं आप्पा. काढायचीच म्हणतात."

हे. हेच ते.

पहिल्यांदा बोललो ती चेष्टा होती, असं मी स्वतःला सांगू शकतो. सांगतोही. पण दुसऱ्यांदा? मधे पन्नास पावलं होती. मधे एक अख्खी मालगाडी होती. तेवढ्या वेळात माणूस शुद्धीवर येत नाही?

दुसऱ्या दिवशी सकाळी दौंडातल्या न्हाव्याकडून आप्पा थेट शूटिंगला आले. वरचा ओठ इतका पांढरा, जणू तेवढ्या जागेवर कधी ऊनच पडलं नव्हतं. डायरेक्टर बघतच राहिले. मग ओरडले, "कुणी सांगितलं यांना?" आप्पांनी माझ्याकडं पाहिलं. मी छताकडं. आप्पा खाली बघत म्हणाले, "कुनी न्हाई, सायेब. म्याच काढली. हौस आली."

मेकअपवाल्यानं खोटी मिशी चिकटवून बघितली. आप्पा घोरायला लागले की ती एका बाजूनं सुटायची. शेवटी डायरेक्टरनं डब्यावरून नजर फिरवली. साठ माणसांत असा एकच होता, ज्याचा चेहरा अजून कॅमेऱ्यानं पाहिलेला नव्हता. मला म्हणाले, "तू. खाली उतर." सिनेमाभर ज्याचे पाय दिसतात, तो शेवटी जागा होतो. सुचलं त्यांना, छान सुचलं. असं होईल हे मला आधी माहीत होतं का?

होतं. नक्की नाही, पण होतं.

संध्याकाळी मीच आप्पांना मोटरसायकलवर घरी सोडायला निघालो. भीमेच्या पुलावर ते मागून माझ्या कानाशी बोलले, "तुझं नाव घेतलं असतं, तर तुलाबी काढला असता त्यांनी. म्हनून गप बसलो." मी गाडीचा वेग वाढवला. दुसरं काय करणार होतो?

पडवीत बाजेवर तात्या पडले होते. त्यांना अंधुक दिसायचं. आप्पा जवळ बसले तसे त्यांनी डोळे बारीक केले, हात वर करून लेकाच्या ओठावर फिरवला.

"कोन गेलं रं?"

"कुनी न्हाई, तात्या."

"मंग माझी काढलीस व्हय?"

एवढं बोलून तात्यांनी भिंतीकडं तोंड केलं. आप्पा म्हणत राहिले, "सिनेमासाठी काढली तात्या, सिनेमासाठी." मी उंबऱ्याशी उभा होतो. एक वाक्य बोलायचं होतं — तात्या, यात आप्पांचा दोष नाही, मी फसवलं. किती शब्द झाले? मी म्हणालो, "येतो आप्पा, उद्या लवकर शूटिंग आहे."

त्यानंतर पाचव्या दिवशी तात्या गेले. नव्वदीचे होते, जाणारच होते. मिशीमुळं गेले असं मी म्हणत नाही. पण त्या पाच दिवसांत ते आप्पांशी एक शब्द बोलले नाहीत. शेवटचं पाणी सुनेच्या हातून घेतलं. आप्पांनी वाटी पुढं केली, तेव्हा ओठ मिटून घेतले.

दशक्रिया घाटावर होती. आमच्याकडं दशक्रियेला पुढारी येतात, श्रद्धांजलीची भाषणं होतात, आणि त्यांची नावं पुकारायला माईकवर कुणीतरी लागतो. कोण असणार? मीच. न्हावी आप्पांच्या समोर बसला, वस्तरा ओला केला, आणि थांबला. ओठावर जेमतेम खुंट. काढायला काय होतं? मागून कुणीतरी बोललं, अगदी हळू नाही, "यानं बापाच्या आधीच काढून ठिवली." चार-पाच माणसांनी मान हलवली. आप्पांनी ऐकलं. मान वर केली नाही. न्हाव्यानं कोरड्या ओठावरून वस्तरा फिरवला. माझ्या हातात माईक होता, चालू होता. मी त्यात सोसायटीच्या चेअरमनसाहेबांचं नाव पुकारलं.

सिनेमा लागला. शिरूरला एक आठवडा चालला. "दौंड आलं का?" हे माझं वाक्य झालं, अजून बाजारात पोरं मागून ओरडतात. कार्यक्रम वाढले. आणि कधीतरी एका हळदीत मी पहिल्यांदा आप्पांचा किस्सा सांगितला — सिनेमाच्या नादात स्वतःची मिशी काढून बसलेल्या म्हाताऱ्याचा. त्यात तात्या नसतात. ते दुपारचं जेवण नसतं, भिंत नसते. घोरणं असतं, फोलपट असतं, सुटलेली खोटी मिशी असते. लोक लोळतात. माझा सगळ्यात चालणारा किस्सा आहे तो. लोक फर्माईश करतात.

गेल्या रविवारी शिक्रापूरला लग्न होतं. पहिल्या रांगेत आप्पा. मिशी आहे आता, पण तसली नाही, विरळ आली. पाहुण्यांतून आवाज आला, "आप्पांच्या मिशीचा होऊ द्या!" मी आप्पांकडं पाहिलं. त्यांनी हातानंच खूण केली — सांग की. मी सांगितला. साभिनय. एक नवीन विनोदही घातला, तिथंच सुचलेला. आप्पा सगळ्यांबरोबर हसले.

जेवणाच्या पंगतीत ते माझ्या शेजारी येऊन बसले. पानात वाढलेल्या भाताकडं बघत होते. म्हणाले, "येक इचारू का? कवाधरनं डोक्यात हाय. तात्यांचं सांगूनबी सायेब काढच म्हनले. आन् दुसऱ्या दिशी माझ्यावरच वराडले. का फिरलं असंल रं त्यांचं मन?"

नऊ वर्षं आप्पा याचा विचार करत होते.

मी म्हणालो, "मोठ्या लोकांचं काय सांगावं, आप्पा."

"व्हय," आप्पा म्हणाले. "त्येबी खरंच." आणि वाढप्याला हाक मारून त्यांनी आधी माझ्या पानात वरण घालायला सांगितलं.