ताईला आम्ही चौथ्या पानावर मारलं

आमची नायिका उडत नाही. हे आधीच सांगून टाकतो. मी आणि माझी भाची मिळून सुपरहिरोचं चित्रपुस्तक करून राहिलो असं ज्याला म्हणून सांगितलं, तो पहिले हेच विचारतो, उडते काय? नाही उडत बाप्पा. अकोल्याच्या मे महिन्यात कोण उडतं? वर गेलं की सूर्य जवळ येईल की दूर जाईल, एवढं तरी डोकं चालवावं माणसानं.

तिची सावली वाढते. एवढीच तिची ताकद. भर दुपारी ती भाजीबाजारात उभी राहिली आणि तिनं मनात आणलं, की पायापासून सावली पसरत जाते. आधी एका टोपलीवर, मग एका रांगेवर, मग अख्ख्या बाजारावर. खलनायक म्हणजे झाडं तोडणारा ठेकेदार. नायिकेला मुखवटाही शिवावा लागला नाही. आमच्याकडं उन्हाळ्यात स्कूटीवरची प्रत्येक पोरगी डोळे सोडून सगळं तोंड ओढणीनं गुंडाळून फिरते, चौकात सख्खी आई ओळखत नाही. ही कल्पना भाचीची. ऐकली तेव्हा मी टेबलावर हात आपटून "वा!" म्हणालो आणि दोघांचाही चहा सांडला.

मी राहतो अमरावतीला, नोकरी बडनेऱ्याच्या तिकीट खिडकीत. दिवसभर काचेपलीकडच्या लोकांवर खेकसतो असं माझे सोबती म्हणतात. खेकसत नाही, मी स्पष्ट बोलतो. भाची अकोल्याला एका इंजिनिअरच्या ऑफिसात घरांचे नकाशे काढते. एक रविवार सोडून दुसऱ्या रविवारी मी बडनेऱ्याहून गाडीत बसायचो आणि दीड तासात तिच्या घरी. म्हणजे माझ्या ताईच्या घरी. मी प्रसंग लिहून न्यायचे, तिनं ते टॅब्लेटवर काढायचे, आणि मग आम्ही भांडायचं. मी पानभर संवाद लिहिला की ती म्हणायची, "मामाजी, एवढं बोलेपर्यंत ठेकेदार झाड तोडून घरी जाईन."

खरं सांगायचं तर पुस्तकाची हौस माझी, पण ते पुरं व्हावं असं मला वाटत होतं ते तिच्यासाठी. लहानपणापासून ही पोरगी हाती येईल त्यावर चित्र काढायची, हार बांधायच्या रद्दी पेपरावरसुद्धा. तिचे बाबा, म्हणजे माझे भाऊजी, गेले आणि तिचा हात थांबला. तीन उन्हाळे तिनं नकाशांशिवाय एक रेघ ओढली नाही. मग मी ही सावलीवाली काढली, आणि पहिल्याच बैठकीत तिनं मला न विचारता नायिकेच्या घरात एक बाप काढून ठेवला. बाजेवर बसलेला, एक पाय खाली, एक वर, अंगात बंडी, मांडीवर झेंडूचा ढीग. भाऊजीच ते. हात कशानं सुटला हे न समजायला मी काही ठोंब्या नव्हतो.

पण मी पडलो नियमाचा माणूस. लहानपणी भाड्यानं आणून शेकड्यानं असली पुस्तकं वाचलेली. सुपरहिरोचं कोणीतरी जावं लागतं. घरी सगळे धडधाकट असले, दोन वेळा गरम पोळी मिळाली, तर माणूस कशाला जगाचं भलं करायला बाहेर पडेल? बाप तर हलवता येत नव्हता. मग मी आईला मारलं. चौथ्या पानावर, भाजीबाजारात, ऊन लागून. फार सुंदर प्रसंग जमला होता, लिहिताना मी स्वतःवर खूश होतो.

आता आईला चेहरा पाहिजे. भाचीच्या हाताला आईचा कोणता चेहरा येणार? तिनं ताईच काढली. चष्मा काढून टाकला, केस थोडे काळे केले, आणि आम्हा दोघा शहाण्यांना वाटलं, झाली वेगळी बाई. पानाच्या शेवटच्या चौकटीत भिंतीवर त्या बाईचा फोटो आणि फोटोला हार.

आणि माझी ताई काय करते? अकोल्यात हारफुलांचं दुकान चालवते. भाऊजी वावरात फुलं काढायचे, ही हार बांधायची. आता बाजारातून फुलं घेते. गिऱ्हाईक आलं की मान वर न करता एकच विचारते, "देवाले, नवरदेवाले का फोटोले?" 'फोटोले' म्हटलं की पुढं काही विचारत नाही, बाकीचं काम बाजूला ठेवून आधी तो हार बांधून देते.

पानं पुरी होईपर्यंत ताईला दाखवायची नाहीत असं ठरलं होतं. रविवारी ती दुकानातून दोनशिवाय परतत नाही, म्हणून त्या दिवशी पानं कागदावर छापून आणून आम्ही बैठकीच्या खोलीत फरशीवर ओळीनं मांडली होती. दोन भाग केले होते. सुरवातीची चार पानं दारापाशी आणि पुढची आत, पलंगाखालपर्यंत. लग्नसराई होती, फुलं बाराच्या आत संपली, आणि ताई दारात उभी.

तिनं चप्पल काढली, वाकली, चौथं पान उचललं. आधी तिच्या धंद्याची नजर पडली. "हार चुकला," ती म्हणाली. "असा खाली गोंडा नवरीच्या हाराले राह्यते. फोटोले कोनी गोंडा लावते काय?"

भाची हसली. मीही हसलो. मग ताईनं पान डोळ्यांच्या जवळ नेलं.

"ही कोन व?"

"आई, ते असंच. पुस्तकातली बाई हाये."

"मले मारलं काय तुमी?"

"ती तू नोहोय, आई."

"माया तोंडावरचा तीळ हाये तिले."

तीळ! नकाशे काढणारी पोरगी, एक रेघ इकडची तिकडं होऊ देत नाही. चष्मा काढला, केस रंगवले, तीळ जिथल्या तिथं.

अशा वेळी गप्प बसावं. मला ते कधी जमलं नाही. मी आवाज चढवून ताईला सुपरहिरोचे नियम समजावून सांगायला लागलो. कोणीतरी गेल्याशिवाय पोरगी घराबाहेर पडत नाही, वगैरे. ताईनं सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे मी मेली म्हनून ही बाहीर पडली," ती म्हणाली. "जिती होती तवा मी अडवून ठेवलं होतं काय इले?"

तिनं पान होतं तिथं ठेवलं, कडा नीट जुळवली, आणि आत जाऊन कुकर लावला. जेवताना सगळं वाढलं, वांग्याची भाजी दोनदा वाढली, पण बोलली नाही. हारवालीच्या घरात जितीच्या फोटोला हार, आणि तो पोटच्या पोरीनं काढलेला. मला ताटावर बसून स्वतःची इतकी लाज वाटली की मी तिसऱ्यांदाही भाजी घेतली.

ताई मला रोज दुपारी डब्याच्या वेळेला फोन करते. तो फोन बंद झाला. भाचीचा टॅब्लेटही बंद झाला, आणि ते जास्त वाईट होतं. मी विचारलं की ती म्हणायची, "ऑफिसात काम हाये, मामाजी." तीन वर्षं हेच ऐकलं होतं.

मग मी दुरुस्ती करायला बसलो. पहिली दुरुस्ती, कोणीच मरत नाही. सहा पानं लिहिली. सहाही पानं नायिका घरीच. आई म्हणते उन्हात जाऊ नको, बाप म्हणतो कैरीचं पन्हं पी, आणि ती पिते. तिकडं ठेकेदार आरामात झाडं तोडतो. मी ते फाडून टाकलं. दुसरी दुरुस्ती, आई जिवंत, बाप जातो. हीसुद्धा मीच लिहिली, हे कबूल करतो. नियम माझ्या डोक्यात इतका बसला होता की मी ती चार पानं फोनवर भाचीला पाठवली. तिचं उत्तर लगेच आलं. "हे मी नाई काढत. पुस्तक राहू द्या मामाजी."

दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि अकोला गाठलं. घरी नाही गेलो, सरळ ताईच्या दुकानात. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. ती ओल्या पोत्याखालची शेवंती काढून सुईत ओवत होती. मला पाहून म्हणाली, "बस." एवढं तरी बोलली.

मी बसलो आणि सगळं ओकून टाकलं. चूक माझी, पोरीची नाही. तुला मारायचं मी ठरवलं. आता तुला जितं ठेवायचं तर बाप मारावा लागतो, आणि ते काढायला तिचा हात होत नाही. ती पुस्तक बंद करून राहिली. ताई, ती पुन्हा चित्र काढणार नाही.

ताईची सुई थांबली.

"बाप हाये तुमच्या त्या पुस्तकात?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. तिनं चौथ्या पानाच्या पुढं पाहिलंच नव्हतं. पुढची पानं आत पलंगापाशी होती, आणि ती दारापासूनच वळून सरळ स्वयंपाकघरात गेली होती.

"हाये," मी म्हणालो. "पाचव्या पानापासून शेवटपर्यंत."

ताईनं शेवंतीवर पोतं टाकलं, शेजारच्या नारळवालीला दुकानाकडं पाहायला सांगितलं आणि चालायला लागली. रिक्षा नाही, काही नाही. मी मागं. भाचीला मी वाटेतून फोन केला. ती ऑफिसातून आमच्या पाठोपाठच पोचली, तोंडाला ओढणी तशीच गुंडाळलेली.

ताई पलंगावर बसली. भाचीनं कपाटातून पानं काढून तिच्या मांडीवर ठेवली. पाचवं, सहावं, सातवं. ताई एकेक पान हळूहळू पाहत गेली. भाऊजी बाजेवर. भाऊजी दोरा दातानं तोडताना. भाऊजी नळाला लावलेली नळी सोडवताना, चिडलेले. ताई हसली. "असेच चिडत होते. नळी गुंतली का मायाकडं पाहेत, जशी मीच गुंतवली." भाची दारातच उभी होती. ओढणी सोडली नव्हती, पण डोळे दिसत होते.

दहाव्या पानावर ताई थांबली.

"हे बोलत काहून नाईत? साऱ्याईच्या तोंडापुढं लिहेल हाये. याईचाच फुगा रिकामा."

खरं होतं. सगळ्यांचं बोलणं मी लिहिलं होतं, ठेकेदाराचं, भाजीवाल्यांचं. भाऊजींच्या फुग्यापाशी आलो की लेखणी अडायची. शाब्बास पोरी, असलं काहीतरी लिहायचो आणि खोडायचो. असं भाऊजी जन्मात बोलले नव्हते. मी ताईला हे सांगितलं. मला तिच्यासमोर रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

ताईनं चष्मा पुसला.

"मले मारा," ती म्हणाली. "गोंड्याचा हार काढून साधा घाला, आन राहू द्या मले भितीवर. मले काई नाई होत. पन याईले हात लावू नका."

"आई—"

"तू बस. कहाड तुयं ते. या चित्रात काय होऊन राह्यलं सांग."

भाचीनं ओढणी सोडली, टॅब्लेट काढला, आईच्या शेजारी पलंगावर बसली. सांगितलं, की नायिकेनं आज पहिल्यांदा सगळ्या बाजारावर सावली धरली आहे, चार तास. गावभर तिचंच नाव चाललं आहे. आणि ती आता घरी आली आहे, बाबांना काही माहीत नाही.

ताईनं थोडा विचार केला. मग ती म्हणाली, "ते म्हनतीन, गाडी सावलीत लावली काय?"

भाचीच्या तोंडून आधी हसू निघालं, मग दुसरंच काही. बराच वेळ ती आईच्या खांद्यात तोंड घालून बसली आणि ताई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मी उठून पाणी आणलं, कारण मला दुसरं काही सुचलं नाही. पाणी पिऊन तिनं नाक पुसलं, पेन घेतलं आणि फुग्यात लिहिलं. गाडी सावलीत लावली काय. आम्ही अक्षरं हातानंच काढतो. छापील टाकली की सरकारी नोटिशीसारखी दिसतात.

ताई वाकून पाहत होती.

"एवढं मोठं नोको," ती म्हणाली. "हळू बोलत होते ते. अक्षर बारीक कहाड."

भाचीनं पुसलं आणि बारीक काढलं.