पुढचा एक

आमच्या ह्याईले हिशेबाचं भारी येड. कारंज्याच्या बाजारात वांगी विकून आले की विहिरीच्या थारोळ्यावर, मोटेचं पाणी पडते त्या दगडावर, कोळशानं आकडे मांडत बसत. त्यातला एक आकडा लाडका: १४२८५७. दोनानं गुणा, तिनानं गुणा, सहापर्यंत कशानंही गुणा, तेच सहा आकडे फिरून येत, नुसती जागा बदलून. दोनानं २८५७१४, तिनानं ४२८५७१. "कोणी हरवतच नाही व," हे म्हणत, "आपल्या सहा लेकराईसारखं." मले हसू ये.

सातव्यांदा दिवस गेले तेव्हा मीच कोळसा उचलला अन् सातानं गुणलं. ९९९९९९. व माय! माह्या सहातला एकही उरला नव्हता, सारे एकाच तोंडाचे. ओल्या फडक्यानं पुसलं, तर ओल्या दगडावर ते नऊ जास्तच काळे दिसू लागले. मी कोणाले बोलली नाही.

बाळंतपणात मी अडली. आमच्याकडे अडलेल्या बाईसाठी थाळीत कुंकवानं आकड्याचं यंत्र लिहीत अन् ते धुऊन पाजत. सासूनं ह्याईले लिहाले बसवलं. अन् या भल्या माणसानं तोच आकडा लिहिला! "कोणी हरवत नाही ना," म्हणे. मी ओरडली, "अहो, हे सातवं आहे!" पण सासूनं वाटी तोंडाले लावलीच. पाणी गिळलं अन् उंबऱ्याकडे पाह्यलं. सहाही लेकरं उभी होती, अन् सहाईले एकच तोंड. थोरलं कोणतं, धाकटं कोणतं, मले ओळखूच येईना. अशी भ्याली मी, की कळासुद्धा विसरली.

दुपारी पोरगी झाली. जित्ती, चांगली खणखणीत रडणारी. लेकराईची तोंडं परत आली. पण धाकटा पोरगा आटत चालला. मले दिवस गेल्यापासून त्याचं दूध तुटलं होतं. आता उचलला तर हाताले वजनच लागेना.

एक दिवस ह्याईनं मले थारोळ्यावर बोलावलं. आठानं गुणलं होतं: ११४२८५६. "पाह्य, सारे परत आले! पुढं एक नवा आला, अन् शेवटच्या साताचा सहा झाला."

मले मात्र त्यात लेकरंच दिसली. पुढं पोरगी, मागं आटलेला पोरगा. ह्याईले त्याचं काही नाही, हे आपले खुशीत. "आता पुढचा एक उचलून शेवटच्या सहात घाल. झाला सात! आकडा जसाच्या तसा."

"अन् पुढं काय राह्यते?"

"पुढं काही नाही."

"खबरदार!" मी ह्याईच्या हातातला कोळसा हिसकला. "तो एक उचलाल तर माह्याशी गाठ आहे."

मग दोघाईलेही पदराखाली घेतलं, एका मांडीवर पोरगी, एका मांडीवर पोरगा. सासू म्हणे, अशानं एक दुसऱ्याले खाते. म्हणू दे.

दोघंही जगले. पोरगा बाकीच्याहून किरकोळच राह्यला, राहू द्या. ह्याईले जाऊन आता कितीतरी वर्षं झाली. पण थारोळ्याचा दगड ओला झाला की तो आकडा अजून उमटते. मी आधी पुढचा एक जागेवर आहे का ते पाहते, अन् मगच पाणी भरते.